सोपाऱ्याचा पत्ता घेऊन मुंबईला

सुट्टी लागली आणि गावाकडून पाहुणे आले, की वसई-विरार पट्ट्यातल्या बहुतेक घरांत एकच बेत ठरतो. पाहुण्यांना मुंबई दाखवायची. सकाळची विरार लोकल, चर्चगेट, गेटवे ऑफ इंडिया, जमलं तर म्युझियम, मग मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, भेळ, आणि रात्री पेंगुळलेल्या मुलांना कडेवर घेऊन नालासोपाऱ्याच्या पुलाच्या पायऱ्या. दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये काय पाहिलं असं विचारलं, तर मुलं पेंढा भरलेल्या वाघाचं नाव घेतात आणि मोठी माणसं म्हणतात, "फार मोठं आहे हो, पाय दुखले."

यात मुलांचा दोष नाही आणि पायांचाही नाही. आपण वस्तुसंग्रहालयात जत्रेत गेल्यासारखे शिरतो. काय पाहायचं ते ठरलेलं नसतं, म्हणून सगळंच पाहायचं असतं, आणि सगळं पाहायचं ठरवलं की काहीच दिसत नाही. तेव्हा आज मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. वसई-विरारच्या माणसानं मुंबईतली संग्रहालयं, बागा, लेणी पाहायला निघताना हातात एक पत्ता घेऊन निघावं. परक्या गावात आपलं माणूस शोधायला निघतो, तसं. तो पत्ता म्हणजे सोपारा. आपल्या या गावाच्या अत्यंत मोलाच्या वस्तू गेली शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईत मुक्कामाला आहेत, आणि त्यांना भेटायला आपल्याकडून फार थोडे लोक जातात.

"नालासोपाऱ्यात बघण्यासारखं काय आहे?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यात नालासोपाऱ्याला राहणारे लोकही आले. गर्दी, पाण्याचे टँकर, पावसाळ्यात रुळांवर साचणारं पाणी, एवढीच या नावाची ओळख उरली आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. यातले कितीतरी लोक कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून आले. त्यांना इथला इतिहास ठाऊक नसला तर नवल नाही. पण ज्यांच्या दहा पिढ्या इथे गेल्या त्यांनाही तो सांगता येतोच असं नाही.

सोपारा हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. महाभारतात त्याचं नाव शूर्पारक असं येतं, पाली ग्रंथांत सुप्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सुप्पारा हे नाव आहे, आणि टॉलेमीच्या भूगोलातही ते सापडतं. नाणेघाटात आणि कार्ल्याच्या लेण्यांत कोरलेल्या दानलेखांत सोपाऱ्याची माणसं भेटतात. म्हणजे बंदरात उतरलेला माल घाटावर चढत होता आणि त्या मालाबरोबर इथल्या माणसांचं दातृत्वही चढत होतं. पुढे खाडी गाळानं भरत गेली, जहाजं दुसरीकडे वळली आणि बंदराचं गाव झालं.

गावाच्या पश्चिमेला एक टेकाड होतं. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं-टोपल्या विणणारा तो बुरूड. लोकांच्या कल्पनेनं हे दोन धागे कधीतरी एकत्र विणले असावेत. त्या टेकाडाखाली काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं. १८८२च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं.

भगवानलालांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण आपल्या शाळांतून त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. ते मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा मोठा शिलालेख आहे, त्याच्या सावलीत ते वाढले आणि लहान वयातच त्यांना जुन्या लिपींची गोडी लागली. १८६१च्या सुमारास ते मुंबईला आले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे. भाऊ दाजी हे नाणावलेले डॉक्टर, पण रोग्यांइतकंच प्रेम त्यांचं शिलालेखांवर. त्यांनी या तरुणाला देशभर हिंडवलं, लेखांचे ठसे घ्यायला लावले. १८७४मध्ये भाऊ दाजी वारले तरी भगवानलालांचं काम थांबलं नाही. सर जेम्स कॅम्पबेल तेव्हा मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर तयार करत होते. ठाणे जिल्ह्याच्या खंडाचं काम चालू असतानाच सोपाऱ्याचं हे उत्खनन झालं.

टेकाडात विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात मध्यभागी विटांची एक कोठडी, आणि कोठडीत झाकण घातलेली गोल दगडी पेटी. झाकण काढलं तेव्हा आत जे दिसलं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती गोलाकार मांडलेल्या आठ लहान कांस्यमूर्ती: सात पूर्वीचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या जागांत सोन्याची इवलीशी फुलं आणि मणी. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. नखाएवढाल्या खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या तिथे जपल्या होत्या. सोन्याच्या पोटात माती ठेवणाऱ्या त्या माणसांना मोल कशाला द्यायचं हे बरोबर कळत होतं.

याच स्तूपात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं. हा राजा दुसऱ्या शतकातला. कांस्यमूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. यातून अभ्यासक असं अनुमान काढतात, की स्तूप बांधून झाल्यावर कित्येक शतकांनी तो पुन्हा उघडला गेला, आत मूर्ती ठेवल्या गेल्या आणि पुन्हा बंद केला गेला. म्हणजे हे ठिकाण निदान पाच-सहाशे वर्षं जागतं होतं.

आता प्रश्न असा, की या वस्तू सोपाऱ्याला का नाहीत? त्या काळी १८७८चा गुप्तधनाचा कायदा होता आणि जमिनीतून निघालेल्या अशा ठेव्याची विल्हेवाट सरकार ठरवत असे. मुंबई सरकारनं हा ठेवा एशियाटिक सोसायटीला दिला. फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलसमोर पांढऱ्या खांबांची जी भव्य इमारत दिसते, जिच्या तीस पायऱ्यांवर बसून कॉलेजची मुलं गप्पा मारतात, तो टाउन हॉल. १८३३मध्ये तो बांधून झाला. १८०४मध्ये स्थापन झालेली ही सोसायटी त्याच इमारतीत आहे. पण एक ध्यानात ठेवा, ते मुळात ग्रंथालय आहे. तिकीट काढून फिरायचं संग्रहालय नव्हे. सोपाऱ्याचे करंडक तिथे असले तरी गेलं आणि पाहिलं असं होत नाही. आधी विचारून, परवानगी असेल तेव्हाच जावं. शाळेनं किंवा वाचनालयानं पत्र लिहून विचारलं तर उत्तम. आपल्या पट्ट्यात इतकी वाचनालयं आहेत, त्यांतल्या एखाद्यानं हे मनावर घ्यायला हरकत नाही.

जिथे सहज जाता येतं ते ठिकाण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आपलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ११ नोव्हेंबर १९०५ला त्याचा पाया घातला गेला. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला. १९१४च्या सुमारास इमारत उभी राहिली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ला. १९९८मध्ये नाव बदललं. इमारतीचा काळा दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा, म्हणजे मुंबईची उपनगरंच तिथे भिंतींत बसली आहेत. मधल्या घुमटाखाली जी लाकडी कमानींची महिरप आहे ती नाशिकच्या एका वाड्यातून आणलेली. वर मान करून ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या संग्रहालयात शिरलं की पहिलं काम कोणतं करायचं? दाराशी असलेल्या माणसाला विचारायचं, "सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख कुठे आहे?" दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून विचारलेलं बरं. शिवाय असं नेमकं विचारणारा पाहुणा दिसला की तिथल्या कर्मचाऱ्यांनाही बरं वाटतं.

हा लेख म्हणजे काळ्या दगडाचे तुकडे आहेत. ते फार मोठे नाहीत. काचेसमोरून लोक त्यांच्याकडे न पाहता निघून जातात, कारण शेजारच्या मूर्ती देखण्या आणि हा बिचारा दगड ओबडधोबड. अशोकानं आपल्या राज्याच्या कडेकडेनं, रस्त्यांवर, वर्दळीच्या जागी चौदा आज्ञांची एक मालिका खडकांवर कोरवून घेतली. गिरनारला ती जवळजवळ पूर्ण दिसते. सोपाऱ्यालाही ती असली पाहिजे, असं मानायला जागा आहे, पण आपल्या हाती लागले आहेत ते दोनच तुकडे. आठव्या आज्ञेचा तुकडा भगवानलालांना १८८२मध्ये भातेला तलावाजवळ मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६मध्ये भुईगावला मिळाला. हो, तेच भुईगाव, जिथे आपण रविवारी समुद्रावर जातो. बाकीच्या आज्ञा कुणाच्या विहिरीच्या काठात, कुणाच्या जोत्यात, की खाडीच्या गाळात गेल्या, कोण जाणे.

आणि गंमत पाहा. चौदांपैकी आपल्या वाट्याला नेमकी आठवी आज्ञा आली, आणि ती आहे सहलींविषयी! अशोक तिच्यात सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रा काढत, म्हणजे मौजेखातर, शिकारीला बाहेर पडत. पण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर हा राजा बोधीच्या ठिकाणी गेला आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं? ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं. म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, त्यांना मदत करायची. आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं, त्यांचं ऐकायचं. यात आपल्याला जास्त आनंद मिळतो, असंही तो शेवटी म्हणतो. नवव्या आज्ञेत लोक आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्मावेळी आणि प्रवासाला निघताना जे नाना विधी करतात त्यांचा विषय आहे. ते करा, पण त्यांचं फळ थोडं. नोकरचाकरांशी नीट वागणं आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं यातलं मंगल मोठं, असा त्याचा सूर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या बंदरात उतरणारा खलाशी हे कुणाकडून तरी वाचून घेत असेल. आपण मात्र त्याच गावातून निघून, सहलीविषयीच्या त्या दगडासमोरून, सहलीच्या घाईत निघून जातो.

रेडिओवर बोलताना अक्षरं काढून दाखवता येत नाहीत, पण ब्राह्मी लिपीतली चार-पाच अक्षरं तोंडी सांगता येतील. 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह. 'ग' म्हणजे झोपडीचं छप्पर म्हणा. 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ आणि त्या वर्तुळात एक टिंब दिलं की 'थ'. 'न' म्हणजे जमिनीवर रोवलेली उभी काठी, खाली आडवी रेघ. एवढं कागदावर काढून मुलांच्या हाती द्या आणि दगडावर यांतली कोणती अक्षरं सापडतात ते शोधायला सांगा. पाच मिनिटांनी मुलं काचेला नाक लावून उभी दिसतील. आपण वाचतो ती देवनागरी याच अक्षरांची बऱ्याच पिढ्यांनंतरची नात आहे, हे तेव्हा सांगितलं तर त्यांना पटतं.

संग्रहालयात वस्तूखाली एक छोटी पाटी असते. ती कशी वाचावी हेही सांगतो, कारण तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आपण हमखास सोडून देतो. पाटीवर वस्तूचं नाव, ती कशाची बनली, काळ आणि ठिकाण असतं. आपण नाव वाचतो, काळ वाचून "बापरे" म्हणतो आणि पुढे जातो. खरी गोष्ट त्या ठिकाणात असते. मूर्ती कुठून निघाली हे कळलं नाही तर ती नुसती सुंदर वस्तू राहते. कुठून निघाली हे कळलं की तिच्यामागे गाव उभं राहतं, रस्ता उभा राहतो, तिला घडवणारा आणि पैसे देणारा उभा राहतो. म्हणून जमिनीत काही सापडलं तर ते उचलून घरी नेऊ नये किंवा विकू नये, असं पुरातत्त्वाचे लोक कळकळीनं सांगतात. जागेवरून हललेल्या वस्तूची अर्धी गोष्ट तिथेच पुसली जाते.

त्याच मजल्यावर सिंधमधल्या मीरपूर खास इथल्या स्तूपाचे भाजलेल्या मातीचे नमुने आहेत. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ते इथे आले. सोपाऱ्याचा स्तूप आज विटांचा ढीग दिसतो. विटांच्या स्तूपाला बाहेरून कसा साज चढवत, याची कल्पना हे नमुने पाहून येते. घारापुरीची ब्रह्मदेवाची एक मूर्तीही तिथे आहे. तिला नीट पाहून ठेवा, तिचं काम पुढे आहे. एवढं झालं की बाहेर येऊन बागेत बसायचं, डबा खायचा. दोन तास झाले असतील. चित्रं, शस्त्रं, चिनी भांडी, सगळं दुसऱ्या खेपेला. एका दिवसात संपवायची ती जागा नाही.

दुसरी खेप भायखळ्याची. राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हे मुलांसाठी पेंग्विनचं ठिकाण झालं आहे. २०१७पासून पेंग्विन लोकांना पाहायला मिळू लागले आणि तेव्हापासून रांगा तिकडेच लागतात. पण ही मुळात वनस्पतींची बाग आहे, १८६०च्या दशकातली. इतकी जुनी आणि इतक्या जातींची झाडं एकत्र पाहायला मुंबईत दुसरी जागा नाही. पिंजऱ्यांकडून पिंजऱ्यांकडे धावताना या झाडांकडे कुणी पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडच्या बागायतदारांनी तरी ही बाग झाडांसाठी पाहावी.

बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. २ मे १८७२ला ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून सुरू झालं. त्याच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी पुढे होते. १९७५मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पुढे ते फार मोडकळीला आलं होतं. मोठी दुरुस्ती होऊन २००८मध्ये ते नव्यानं उघडलं आणि त्या कामाला युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं. सोपाऱ्याचा पत्ता घेऊन निघालेल्या माणसानं इथे भाऊ दाजींच्या नावाशी क्षणभर थांबावं. त्यांनी भगवानलालांना आधार दिला नसता तर बुरूड राजाचा कोट कुणी, कधी आणि कसा खणला असता, सांगता येत नाही. खजिन्याच्या लोभानं खणला असता तर सोनं वितळलं असतं आणि खापऱ्या फेकल्या गेल्या असत्या. आत मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, नाना जातीजमातींचे वेष, धंदे, पगड्या दाखवणाऱ्या. आजी-आजोबांना बरोबर न्या. नातवंडांना पाटीपेक्षा त्यांची माहिती जास्त आवडते.

तिथल्या दगडी हत्तीजवळ एक फोटो सगळेच काढतात. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी याला पाहूनच त्या बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत आले आणि १९१४मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. तो फुटला म्हणून आपल्याकडे राहिला.

तिसरी खेप आपल्या अगदी जवळची. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास, पण विरारकडचे लोक बोरिवलीला उतरतात ते गाडी बदलायला. शंभराहून जास्त लेणी एका डोंगरात आहेत, आणि त्यांतल्या दानलेखांत सोपाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. त्या सगळेच पाहतात. मी सांगेन, तिथली पाण्याची व्यवस्था पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात टाकं खोदलेलं आहे. डोंगरउतारावर पडणारं पावसाचं पाणी बारीक पन्हळींतून त्या टाक्यांत उतरतं. लेखांत टाक्याला 'पोढी' हा शब्द येतो आणि कुणी पोढी खोदवली तर ते मोठं दान मानलं जाई. वर्षभर टँकरची वाट पाहणाऱ्या माणसांनी ती पोढी डोकावून पाहावी. पावसाळ्यात गेलात तर हे काम चालू अवस्थेत दिसतं. मात्र तेव्हा खडक शेवाळलेला असतो, चपला गुळगुळीत नकोत.

मुंबईच्या तीन खेपा झाल्या की चौथी खेप आपल्या घरची. किंबहुना वसईचा किल्ला आपण पाहतो तोही या नजरेनं पुन्हा पाहावा. १५३४च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला टांगलेल्या आहेत, हे पाहून आलेली माणसं थोडी. सेंट जोसेफचा मनोरा किल्ल्यात अजून उभा आहे. म्हणजे वसईचंही सोपाऱ्यासारखंच आहे, घर इथे आणि सामान भलतीकडे.

मग हे सामान परत आणावं का? सभांमधून ही मागणी अधूनमधून होते आणि ती ऐकायला गोडही लागते. माझं मत थोडं वेगळं आहे. करंडक आणि शिलालेख जिथे आहेत तिथे सुरक्षित आहेत, त्यांची नोंद आहे, अभ्यासकांना ते मिळतात. नाजूक वस्तूला खारी हवा, चोरी आणि हलगर्जी या तिघांपासून जपावं लागतं आणि ते खर्चाचं, रोजचं काम आहे. ती तयारी नसताना वस्तू मागणं म्हणजे हौसेनं गाय आणून चाऱ्याची सोय न करणं. पण शिलालेखाची चांगली प्रतिकृती आणि करंडकांची मोठी छायाचित्रं, खाली शुद्ध मराठीत माहिती, एवढं स्तूपाजवळ, किंवा पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत, लावायला कुणाची अडचण असावी? त्याला फार पैसा लागत नाही. आठव्या आज्ञेतले शब्द ज्या मातीत सापडले तिथल्या मुलाला ते बारावीपर्यंत एकदाही दिसू नयेत, ही गोष्ट मला खटकते.

जाण्यायेण्याच्या चार गोष्टी सांगतो. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाला चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चालत जाता येतं. भायखळ्यासाठी दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद. सणासुदीला आणि दुरुस्तीच्या काळात वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करावा. रविवारी निघणार असाल तर जम्बो ब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात पाहावं. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर कामाच्या दिवशी सकाळची विरार लोकल टाळावी, साडेदहानंतर निघावं. परतताना संध्याकाळी पाचच्या आत गाडीत बसावं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सोपाऱ्याचा स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे, स्टेशनहून रिक्षानं थोडाच वेळ लागतो. रिक्षावाल्याला "बुद्धस्तूप" म्हणून सांगा. सकाळी लवकर जावं, सावली कमी आहे. तिथून चक्रेश्वर तलावाकाठच्या महादेवाच्या देवळात जायचं. तिथे ब्रह्मदेवाची एक जुनी, मोठी मूर्ती आहे. ब्रह्मदेवाच्या मूर्ती आपल्याकडे कमी, त्यामुळे अभ्यासक ती मुद्दाम पाहायला येतात. घारापुरीचा ब्रह्मदेव फोर्टमध्ये पाहून ठेवा म्हटलं होतं तो याच्यासाठी. तिथे काच आहे, पाटी आहे, वरून सोडलेला दिवा आहे. इथे पाटी नाही. दर्शन घेऊन झाल्यावर मूर्तीच्या हातांत काय काय आहे ते मुलांना ओळखायला सांगा.